बाळाच्या लसीची आठवण फोनवरून: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

जन्मल्यावर लगेच, मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना, पुढे नवव्या महिन्यात आणि त्यानंतर दुसऱ्या वर्षात. देशोदेशीचं वेळापत्रक थोडंफार वेगळं असलं, तरी बाळाला लसीसाठी पाच-सहा वेळा तरी न्यावंच लागतं. पहिल्या फेऱ्या लागोपाठ येतात, म्हणून लक्षात राहतात. चौदाव्या आठवड्यानंतर मात्र नवव्या महिन्यापर्यंत जवळजवळ सहा महिने मध्ये जातात. या काळात आई पुन्हा कामाला लागते, बाळ रांगायला लागतं, कार्ड कुठल्यातरी पेटीच्या तळाशी जातं आणि गोवराची लस राहून जाते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७४ साली लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम सुरू केला. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत लसींमुळे सुमारे १५ कोटी ४० लाख जीव वाचले, असा अंदाज २०२४ मध्ये मांडला गेला. तरीही २०२३ या एका वर्षात जगभरात सुमारे १ कोटी ४५ लाख बाळांना घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताच्या लसीचा पहिला डोससुद्धा मिळाला नाही. त्यांच्याखेरीज पहिला डोस घेऊन पुढचे सोडणारी मुलं वेगळीच.

साधा मोबाइल यात कुठे उपयोगी पडतो आणि कुठे पडत नाही, हे नव्याने काम सुरू करणाऱ्यांना कळावं म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही छोट्या संस्थेत असाल, एखाद्या आरोग्य केंद्राच्या मदतीला असाल किंवा वस्तीत स्वयंसेवक असाल. हाताशी पैसा, माणसं आणि नेटवर्क तिन्ही कमी आहेत, असंच मी गृहीत धरते. एक गोष्ट पहिल्यापासून मनाशी पक्की असू द्या. तुम्ही पाठवलेला प्रत्येक निरोप म्हणजे आईला दिलेला शब्द असतो: या दिवशी, या ठिकाणी ये, तुझ्या बाळाला लस मिळेल. बाकी सगळी तयारी हा शब्द खरा ठरावा यासाठी करायची आहे.

पहिली पायरी: डोस का चुकतात ते विचारून या

काहीही विकत घेण्याआधी, ॲप शोधण्याआधी, डोस चुकलेल्या वीस-पंचवीस मुलांच्या घरी जा. आईला आणि घरात जे बाळाला सांभाळतात त्यांना विचारा, "मागच्या वेळी यायचं कसं राहिलं?" या प्रश्नात दोष देण्याचा सूर नको. उत्तरं वहीत जशीच्या तशी उतरवा.

बहुधा चार तऱ्हेची उत्तरं मिळतील. तारीख लक्षात नव्हती किंवा माहीतच नव्हती. गेलो होतो, पण परत पाठवलं. मागच्या लसीनंतर ताप आला म्हणून घरचे नको म्हणाले. आणि केंद्र लांब आहे, एक दिवसाची मजुरी बुडते. पहिल्या कारणावर फोन थेट चालतो. ताप आणि भीती यांवर बऱ्यापैकी चालतो, पण त्यासाठी बोलणारा माणूस लागतो. परत पाठवण्याचं कारण केंद्रावर जाऊनच सोडवावं लागतं. बुडणाऱ्या मजुरीवर कितीही गोड निरोप पाठवला तरी फरक पडत नाही. तिथे लसीचा दिवस वस्तीजवळ आणता येतो का, संध्याकाळची वेळ ठेवता येते का, हे पाहायला हवं.

चाचण्यांमधूनही हेच दिसतं. झिम्बाब्वेतल्या कडोमा शहरात आयांना तारखेआधी एसएमएस पाठवले गेले. चौदा आठवड्यांच्या डोसला निरोप मिळालेल्या गटातली ९५ टक्के मुलं आली, दुसऱ्या गटातली ७५ टक्के. पश्चिम केनियाच्या खेड्यांत झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र निरोप न मिळालेल्या गटातच ८२ टक्के मुलांच्या लसी पूर्ण झाल्या होत्या. नुसत्या एसएमएसने हा आकडा ८६ वर गेला, आणि तो फरक योगायोगाचाही असू शकत होता. एसएमएससोबत दर वेळच्या लसीला २०० शिलिंग दिले तेव्हा तो ९० झाला आणि फरक ठोस ठरला. आपल्या भागातली मुलं कशामुळे मागे राहतात हे कळल्याशिवाय दुसरीकडचा आकडा आपल्याला लागू होईल असं धरू नका.

दुसरी पायरी: यादी

सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात मोलाचं काम हेच. सुरुवात पन्नास बाळांपासून करा. वही चालेल, साधी स्प्रेडशीट चालेल. प्रत्येक बाळासाठी इतकंच लिहा: बाळाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, राहतात ती वस्ती आणि जवळची खूण, दिलेला प्रत्येक डोस त्याच्या तारखेसह, पुढची तारीख, आणि फोन नंबर.

नंबरापाशी थांबू या, कारण अर्धी फसगत इथेच होते. आईने दिलेला नंबर आईचाच असेल असं नाही. तो नवऱ्याचा असतो आणि नवरा कामासाठी दुसऱ्या गावी असतो. सासऱ्यांचा असतो आणि फोन दिवसभर त्यांच्या खिशात असतो. शेजारणीचा असतो. म्हणून नंबरापुढे तीन गोष्टी लिहा: हा फोन कुणाचा, आईच्या हातात तो कोणत्या वेळी असतो, आणि उचलणाऱ्याला वाचता येतं का. शिवाय दुसरा एक नंबर घ्या, शक्यतो त्याच वस्तीतल्या बाईचा, जिच्यावर आईचा विश्वास आहे. नंबर घेतला की तिथल्या तिथे मिस्ड कॉल देऊन पाहा. एखादा आकडा चुकला असेल तर तो आई समोर असतानाच कळू दे, दोन महिन्यांनी नको.

सिम बदलत राहतात. रिचार्ज संपला, फोन हरवला, नवीन सिम स्वस्तात मिळालं. म्हणून बाळ प्रत्येक वेळी लसीला आलं की "नंबर तोच आहे ना?" हा प्रश्न कार्ड उघडतानाच विचारायची सवय लस देणाऱ्या सेविकेला लावा.

फोनवर निरोप पाठवू का, हेही आईला आधी विचारा आणि तिचा होकार नोंदवून ठेवा. तो फोन आणखी कोणकोण बघतं हे तिलाच ठाऊक असतं. मुलांच्या कार्डांचे फोटो मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याची सवय अनेक ठिकाणी पडली आहे. ती बंद करा. नाव, जन्मतारीख, पत्ता आणि नंबर एकाच फोटोत शंभर लोकांच्या फोनमध्ये जातात आणि ते परत काढून घेता येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शनात असे निरोप पाठवण्याची शिफारस केली, तीसुद्धा माहिती सुरक्षित राहील या अटीवरच.

तिसरी पायरी: तारीख बरोबर काढा

हे सोपं वाटतं. जन्मतारखेत सहा, दहा, चौदा आठवडे मिळवायचे आणि निरोप सोडायचा. मीही सुरुवातीला असंच केलं होतं. एका बाळाचा पहिला डोस उशिरा, नवव्या आठवड्यात झाला. आमच्या तक्त्याने जन्मतारखेवरून मोजून दहाव्या आठवड्याला आईला बोलावलं. ती उन्हात बाळ घेऊन आली. सेविकेने कार्ड पाहिलं आणि सांगितलं की दोन डोसांमध्ये निदान चार आठवडे जायला हवेत, अजून तीन आठवड्यांनी या. सेविका बरोबरच होती. पण त्या आईने पुढचे दोन निरोप आले तेव्हा फोन उघडूनही पाहिला नाही. नंतर मी तिच्या घरी गेले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मागच्या वेळी तुम्हीच बोलावलं होतं ना?"

तेव्हा पुढची तारीख काढताना दोन्ही पाहा: बाळाचं वय पुरतं का आणि मागच्या डोसाला चार आठवडे झाले का. दोन्हींतली जी तारीख नंतरची, ती खरी. मग त्या तारखेनंतर तुमच्या भागात लसीकरणाचा पहिला दिवस कोणता येतो ते बघा आणि निरोपात तोच दिवस घाला. सोमवारी वय पुरं झालं आणि लस बुधवारी असेल, तर आईला बुधवारच कळायला हवा.

लसीकरणाचा दिवस खरोखर होणार आहे ना, हे निरोप सोडण्याआधी सेविकेला फोन करून विचारा. साठा आहे का, गाडी आहे का, ती रजेवर तर नाही ना. लसी दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात, त्यामुळे वीज गेली किंवा वाहन आलं नाही तर सत्र ऐनवेळी रद्द होतं. रद्द झालं तर त्याच सकाळी सगळ्यांना कळवा, आणि हा निरोप एसएमएसवर सोडून देऊ नका, फोन करा. पंधरा आया असतील तर पंधरा फोन. तासभराचं काम आहे, पण त्याने पुढचं वर्षभर तुमचा नंबर उचलला जातो.

आणखी एक बारकावा आहे. बीसीजी (क्षयरोगावरची लस) आणि गोवराची लस भुकटीच्या रूपात येते. ती द्रवात मिसळून कुपी तयार केली की सहा तासांत किंवा सत्र संपताच, जे आधी होईल तेव्हा, उरलेली फेकून द्यावी लागते. एका कुपीत बहुधा दहा-वीस डोस असतात. एकट्या बाळासाठी कुपी फोडायला सेविका कचरते आणि "पुढच्या वेळी या" म्हणते. नियमाने एका बाळासाठीही कुपी फोडायला हवी, हे तिच्याशी आणि तिच्या वरिष्ठांशी बोला. पण तुमच्या हातात यादी आहे, तर गोवराच्या वयाची सात-आठ बाळं एकाच दिवशी बोलवा. सेविकेचा संकोच जातो, लस वाया जात नाही आणि आई रिकाम्या हाताने परतत नाही. फोनचा इतका थेट उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही.

चौथी पायरी: निरोप लिहिणं

देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० चिन्हं मावतात. रोमन लिपीत १६० मावतात. मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, सगळं वेगवेगळं मोजलं जातं, त्यामुळे "उद्या" हा छोटासा शब्दही पाच चिन्हं खातो. ७१ वं चिन्ह आलं की निरोपाचे दोन तुकडे होतात आणि पैसेही दोन निरोपांचे लागतात. वर्षाला ३०० बाळं, प्रत्येकी पाच फेऱ्या आणि दर फेरीला दोन निरोप धरले तर ३,००० निरोप होतात. लिहिताना हात सैल सोडला तर तेच ६,००० होतात.

हा नमुना पाहा:

"उद्या मंगळवारी सकाळी १० ते १ शाळेत लस आहे. बाळाचं कार्ड आणा."

मोजून ६० चिन्हं. दिवस, वेळ, ठिकाण आणि सोबत काय आणायचं, एवढं पुरे. "लसीकरण ही काळाची गरज आहे" असली वाक्यं घालू नका, आईला ती शंभरदा ऐकवून झालेली असतात. रोगांची नावं घालून घाबरवू नका. बाळाचं नाव घातलं तर निरोप आपलासा वाटतो खरा, पण फोन सामाईक असेल तर आईला विचारूनच घाला.

निरोप कधी पाठवायचा? कडोमात सात, तीन आणि एक दिवस आधी असे तीन पाठवले होते. मला दोन पुरेसे वाटतात. एक तीन दिवस आधी, म्हणजे कामाची जुळवाजुळव करता येते. दुसरा आदल्या संध्याकाळी, फोन घरी परत आलेला असतो तेव्हा. त्याहून जास्त निरोप लोकांना जाहिरातीसारखे वाटू लागतात.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. बाळ दगावलं असेल आणि त्याच्या आईच्या फोनवर "उद्या लस आहे" असा निरोप गेला, तर त्या जखमेला दुसरी उपमा नाही. हे घडू शकतं, कारण यादी आणि घर यांच्यात अंतर असतं. म्हणून पहिल्या दिवसापासून एक माणूस ठरवा ज्याला वस्तीतली कुठलीही वाईट बातमी ताबडतोब कळवली जाईल आणि जो त्या क्षणी निरोप थांबवू शकेल. दर आठवड्याला निरोप सुटण्याआधी ती यादी वस्तीतल्या स्वयंसेविकेला वाचून दाखवा. "हे कुटुंब गाव सोडून गेलं, याने दुसरीकडे लस घेतली, हे बाळ राहिलं नाही," हे तिला माहीत असतं. दहा मिनिटांचं वाचन आहे. कितीही घाई असली तरी ते चुकवू नका.

पाचवी पायरी: वाचता येत नसेल तर आवाज

अनेक घरांत एसएमएस कुणी उघडतच नाही. तिथे रेकॉर्ड केलेला फोन चालतो. वीस-तीस सेकंदांपेक्षा लांबवू नका, आणि पहिल्या पाच सेकंदांत मुद्द्याचं बोला, कारण त्यानंतर बरेच जण फोन ठेवतात. "नमस्कार, मी लसवाल्या ताई बोलते आहे. उद्या मंगळवारी शाळेत लस आहे." आवाज शक्यतो त्यांच्या ओळखीच्या सेविकेचाच असू द्या. शहरातल्या स्टुडिओत केलेल्या सफाईदार आवाजापेक्षा तिचा थोडा घोगरा आवाज लोक शेवटपर्यंत ऐकतात. तिथल्या बोलीत बोला. वस्तीत दोन भाषा असतील तर दोन ध्वनिमुद्रणं करा.

पाठवण्याआधी दहा जणींना ऐकवा आणि म्हणा, "यात काय सांगितलं ते मला सांगा बरं." त्या काय सांगतात ते ऐका. "कळलं का?" असं विचारलंत तर सगळ्या हो म्हणतील.

तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये नावाने साठवून द्या, तेही समोर बसून. अनोळखी नंबर उचलायला बायका घाबरतात, आणि त्यांचं घाबरणं रास्त आहे.

सहावी पायरी: त्यांनाही बोलू द्या

नुसते निरोप पाठवणारी व्यवस्था लवकर मरते. एक नंबर असा ठेवा की त्यावर मिस्ड कॉल दिला की तुमच्याकडून परत फोन येतो. बोलण्याचा खर्च तुमचा. दिवसातली ठरावीक वेळ सांगा आणि ती पाळा.

बहुतेक फोन तीन-चार प्रश्नांभोवतीच फिरतात, म्हणून उत्तरं आधीच सेविकेकडून पक्की करून घ्या. "कार्ड हरवलं, आता?" तरीही या, नोंद शोधून नवं कार्ड करून देता येतं. "उशीर झाला, पहिल्यापासून सुरू करावं लागेल का?" नाही, जिथे थांबलं तिथूनच पुढे चालू करतात. आधीचे डोस वाया जात नाहीत. "सर्दी आहे, थोडं अंग गरम आहे, आणू का?" आणा. किरकोळ आजारात लस देता येते, बाळाला तपासून सेविका ठरवेल. औषधाची मात्रा मात्र फोनवर कधीही सांगू नका, तुम्ही डॉक्टर नाही.

सातवी पायरी: लस दिल्यावर दुसऱ्या दिवशी

ही पायरी बहुतेक जण विसरतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त मुलं हीच टिकवते. रात्री बाळाला ताप येतो, मांडीला सूज येते, घरातली मोठी माणसं म्हणतात, "चांगलं खेळत होतं, कशाला नेलंस टोचायला?" त्या आईला पुढच्या सकाळी कुणाचा तरी फोन यायला हवा.

"बाळ कसं आहे?" एवढ्यानेच सुरुवात करा. पेंटासारख्या (पाच रोगांवरच्या एकत्रित) लसीनंतर एक-दोन दिवस ताप आणि टोचल्या जागी सूज येणं नेहमीचं आहे, ते आपोआप उतरतं. गोवराच्या लसीनंतर आठवड्या-दीड आठवड्याने हलका ताप किंवा पुरळ येऊ शकतं. ते इतक्या उशिरा येतं म्हणून आया जास्त गोंधळतात, तेव्हा आधीच सांगून ठेवा. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी छोटी गाठ येते, फुटते, वण राहतो. तिच्यावर मलम किंवा पाला लावू नये.

केव्हा धावत न्यायचं हेही त्याच फोनवर सांगा: झटका आला, श्वास घ्यायला त्रास होतो आहे, बाळ तीन तासांहून जास्त वेळ न थांबता रडतं आहे, अंगावर पीत नाही, किंवा ताप उतरतच नाही. अशा वेळी तुमच्या फोनची वाट न बघता दवाखाना गाठायचा. सगळ्यांना फोन करणं जमत नसेल तर पहिलटकरणींना आणि आधी नाराज झालेल्या घरांना तरी कराच.

आठवी पायरी: जी मुलं यादीत नाहीत

आतापर्यंतचं सगळं यादीतल्या मुलांसाठी झालं. ज्या बाळाला एकही डोस मिळालेला नाही ते तुमच्या यादीतच नसतं, त्याचा नंबरही नसतो. तिथे फोन उलट्या दिशेने वापरावा लागतो: कुणीतरी तुम्हाला कळवायला हवं की इथे बाळ जन्मलं आहे.

हे कुणीतरी निवडताना हरियाणात झालेलं एक काम आठवा. सात जिल्ह्यांत संशोधकांनी गावकऱ्यांना विचारलं: जत्रा आहे किंवा कुठला कार्यक्रम आहे असं तुमच्यापैकी कुणी सांगितलं तर ते सगळ्या गावात पसरतं? ज्यांची नावं वारंवार आली त्यांना लसीकरणाच्या दिवसांची खबर फोनवरून देत राहिले. पैशाच्या हिशेबाने अशी माणसं आणि सोबत थोडे एसएमएस हीच जोडणी सर्वांत किफायतशीर ठरली, त्यात वस्तू किंवा पैशाचं आमिष नव्हतं. तुम्हीही असंच विचारा. उत्तरात पुढारी किंवा मास्तर येतीलच असं नाही. पाण्याच्या नळापाशी रोज भेटणारी एखादी म्हातारी येईल. तिचा नंबर घ्या, आणि नवीन बाळाची खबर दिली की तिला परत फोन करून सांगा, "गेलो होतो, लस झाली." तिने सांगितलेल्याचं पुढे काय झालं हे कळलं तरच ती पुन्हा सांगेल.

सुइणींशी, बांधकामावरच्या मुकादमांशी, हंगामी मजुरांना आणणाऱ्यांशीही ओळख ठेवा. फिरत्या कुटुंबांबाबत एक करा: ती दुसरीकडे निघाली की तिथल्या आरोग्य केंद्राचा नंबर आईला द्या आणि कार्डाचा फोटो तिच्याच फोनमध्ये काढून ठेवा.

ॲप केव्हा घ्यायचं

दोन-तीन महिने हाताने काम करून झालं, चुका कळल्या आणि मुलं दोन-तीनशेच्या पुढे गेली की. आधी नको. कॉमकेअर, ओपनएसआरपी, डीएचआयएस२ या आरोग्याच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रणालींचं अँड्रॉइड ॲप रेंज नसतानाही चालतं आणि रेंज आली की माहिती सिंक होते. निरोपांसाठी युनिसेफच्या पुढाकाराने तयार झालेलं रॅपिडप्रो आहे. पाकिस्तानात सिंध प्रांतात 'जिंदगी महफूज' या व्यवस्थेत लस देणारे कर्मचारीच मुलाची नोंद फोनवर करतात. बांगलादेशात दुर्गम भागात मोबाइलवरची नोंदणी आणि एसएमएस यांची जोडी वापरली, तेव्हा तिथल्या लसी पूर्ण झालेल्या मुलांचं प्रमाण सुमारे ५९ टक्क्यांवरून ७७ वर गेलं.

निवडण्याआधी सेविकेपाशी एक पूर्ण दिवस बसा. तिला तेच नाव रजिस्टरमध्ये, कार्डावर, महिन्याच्या अहवालात आणि वर तुमच्या ॲपमध्ये लिहावं लागणार असेल तर ती ॲप सोडून देईल, आणि तिचं बरोबर असेल. तुमच्यामुळे तिचं एखादं तरी लिखाण कमी होतंय का ते बघा. सरकारी नोंदणी प्रणाली आधीच असेल तर तिच्याशी जोडून घ्या, शेजारी दुसरी उभी करू नका. चार्जिंग कुठे होणार, फोन फुटला तर काय, हेही लिहून ठेवा.

मोजायचं काय

किती निरोप गेले हा आकडा कुणाला सांगायच्या कामाचा नाही. गळती मोजा. पहिला पेंटा ८० बाळांनी घेतला आणि तिसरा ६० जणांनी, तर २० बाळं गळली. वीसला ऐंशीने भागून शंभराने गुणलं की २५ टक्के. दहा टक्क्यांच्या वर गळती म्हणजे काहीतरी बिघडलं आहे. पहिल्या पेंटापासून गोवरापर्यंतची गळतीही तशीच काढा, ती जास्तच निघेल. शिवाय डोस वेळेवर झाले का ते पाहा. नवव्या महिन्यातली लस चौदाव्या महिन्यात झाली तर मधले पाच महिने बाळ लसीच्या संरक्षणाविना होतं.

आकड्यांसोबत दर महिन्याला निरोप जाऊनही न आलेल्या पाच घरी जा. पहिल्या पायरीतला प्रश्न पुन्हा विचारा.

बंद करताना

प्रकल्प संपतात, माणसं बदलतात. नंबर एखाद्या कार्यकर्त्याच्या वैयक्तिक नावावर असेल तर तो गेला की नंबरही जातो. म्हणून सिम पहिल्यापासून संस्थेच्या किंवा केंद्राच्या नावावर घ्या आणि यादी दोघांकडे असू द्या. काम थांबवायचं ठरलं तरी नवीन नावं घेणं आधी थांबवा, निरोप लगेच थांबवू नका. शेवटी नोंदवलेल्या बाळाचा गोवराचा दुसरा डोस होईपर्यंत, म्हणजे साधारण दीड वर्ष, तो नंबर चालू राहायला हवा आणि मिस्ड कॉल आला की परत फोन करणारं कुणीतरी तिथे असायला हवं. त्यासाठी लागणारे पैसे पहिल्याच अंदाजपत्रकात बाजूला काढून ठेवा.